दुधाचा चहा आणि मयुरीची पीएचडी

जामनेरची मयुरी जळगावला पीएचडी करत होती. विषय घेतला तोही मातीतला: बागेभोवती शेवरीचं दाट कुंपण असलं, तर वादळात केळी वाचते का? पोरगी हुशार. पण गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल नि तोंडात पुस्तकी मराठी घेऊन ती भडगावकडच्या एका गावात उतरली, तीही वादळ नुकतंच होऊन गेलेलं असताना. मग काय विचारता! चुडामणआबांनी खुर्ची टाकली, घट्ट दुधाचा चहा आला. आबा म्हणाले, "काय सांगू ताई, बठ्ठा बाग आडवा व्हई गया!" घरोघरी तेच. मयुरी खूश. लोक किती आपुलकीनं बोलतात!

गाइड रुचीमॅडमनी आकडे पाहिले नि चष्माच काढला. "कुंपण असो-नसो, सगळ्यांच्या सगळ्या बागा झोपल्या? मग तिथून दिल्लीला ट्रक भरून काय जातं गं, वारा?"

तेव्हा कुठे मयुरीच्या डोक्यात उजेड पडला. गावानं तिला पंचनाम्याची बाई समजून भरपाईच्या आशेनं नुकसान फुगवून सांगितलं होतं. इकडे विद्यापीठाच्या समितीपुढचं सादरीकरण तोंडावर आलेलं. तिथं काम नापास झालं, तर नोंदणीच जायची. बरोबर पीएचडी करणारा ललित म्हणाला, "निम्मं नुकसान धर नि चल पुढे. कोण बघतंय?" तिला ते घटकाभर पटलंही. पण सकाळी ती भडगावच्या एसटीत बसली.

"आबा, मी सरकारी नाही. शिकतेय. भरपाई माझ्या हातात नाही."

"म्हणजे पंचनामा नही?"

"नाही."

"मंग ती चाय परत दे!" आबा खो-खो हसले.

काहींनी मात्र तिला दारातूनच वाटेला लावलं. आबांनी आपली बाग दाखवली, मग ओळखीच्यांच्याही. शेवरीच्या आडची केळी उभी, मोकळ्या बाजूची लोळलेली. बांधावर बसून चहा प्यायला मिळाला, तो कोरा. "दूध साहेबले, पोर. घरना माणूसले कोराच."

समितीपुढे मयुरीनं आधी आपली चूकच सांगितली. एक सर कडाडले, "तेव्हाचं खोटं निघालं. मग आताचं खरं कशावरून?"

"सर, बागा मी स्वतः फिरून पाहिल्यात. आणि या खेपेला चहा बिनदुधाचा होता."

"चहाचा इथं काय संबंध?" सरांनी विचारलं. मग तिनं दुधाच्या चहापासून कोऱ्या चहापर्यंत सगळं सांगितलं. सर हसले नाहीत, पण सही करताना म्हणाले, "हे चहाचं प्रबंधात घाला."