आरोपी क्रमांक एक

ती घटना आजही आठवली की पहिला राग मला माझाच येतो.

तेव्हा मी निफाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या गावात रसायनांचा कारखाना होता. त्याचं सांडपाणी ओढ्यात उतरून विहिरींचं पाणी लालसर झालं होतं. गावच्या बायका ते पाणी हंड्यांत भरून कारखान्याच्या फाटकासमोर बसल्या. घोषणा झाल्या, चहा झाला, दुपारी सगळे घरी गेले आणि आमचा बंदोबस्तही उठला.

संध्याकाळी कारखान्याचा सुरक्षा अधिकारी फिर्याद घेऊन हजर. जमाव परत आला, केबिनची काच फोडली, पहारेकऱ्याला मारलं. सोबत चौदा नावांची टाइप केलेली यादी. तो पोहोचायच्या आधीच आमच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातून फोन आला होता, "साहेब, तेवढं लगेच दाखल करून घ्या." मी यादी न वाचताच गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपल्यावर गोपनीय काम पाहणारा हवालदार माझ्या टेबलापाशी रेंगाळला. कामाचं बोलण्याआधी दोनदा खाकरायची त्याला सवय.

"साहेब, एक नंबरचा आरोपी दोन वर्षांपासून खाटेवर हाय. अर्धांगवायू. त्यानं काच कशी फोडली, ते पंचनाम्यात कसं लिहायचं?"

मी स्वतः गेलो. म्हाताऱ्याला कूस बदलायलाही सून लागत होती. यादीतलं आठवं नाव त्यांच्या नातीचं. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. हा गुन्हा राहिला असता तर नोकरी हातची गेलीच असती. मला पाहून ती रडली नाही, सावधान उभी राहिली. ते मला जास्त लागलं.

"आजोबांचं नाव आणखी कुठं दिलं होतं?" मी विचारलं.

"पाण्याच्या तक्रारीच्या निवेदनावर, साहेब. आमच्याकडं पयलं नाव मोठ्या माणसाचंच लागतं. मी कागद खाटेवर नेला, त्यांचा अंगठा घेतला."

"निवेदन कुणाकुणाला दिलं?"

"फक्त भाऊंच्या हापिसात. म्हनले, आदी माझ्याकडं द्या, मी बघतो."

भाऊ म्हणजे तेच लोकप्रतिनिधी. तिनं मोबाइलमधला निवेदनाचा फोटो दाखवला. चौदा नावं, फिर्यादीत होती त्याच क्रमानं.

सुरक्षा अधिकाऱ्याला चौकशीला बोलावलं. मी आवाज चढवत नाही. माणसाला बोलू दिलं की तो आपणहून खोलात जातो.

"पहिल्या आरोपीला तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो साहेब. सगळ्यांत पुढं होता, काठी घेऊन."

"चला मग, ओळख पटवायला त्यांच्या घरी जाऊ. त्यांना उठून बसता येत नाही."

त्यानं पाणी मागितलं. मग सगळं बाहेर आलं. काच कारखान्याच्याच माणसानं फोडली होती. मारहाण झालीच नव्हती. नावं त्याच्या वरिष्ठांनी पाठवलेल्या निवेदनाच्या फोटोवरून उतरवली होती, आणि फोटो भाऊंच्या कार्यालयातून आला होता.

मी जबाब नोंदवला, चौदाही नावं वगळण्याचा अहवाल कोर्टात पाठवला आणि खोट्या फिर्यादीची कारवाई सुरू केली. भाऊंच्या कार्यालयाचं काय, असं विचारल्यावर, फोटो पाठवणं हा गुन्हा होत नाही, असं मला वरून समजावण्यात आलं. पुढे महिन्याभरात माझी बदलीही झाली. आदेशात कारण 'प्रशासकीय' होतं.

जाण्यापूर्वी त्या मुलीच्या पडताळणीवर 'गुन्हा प्रलंबित नाही' असा शेरा मीच लिहिला. ती समोर उभी होती.

"साहेब, मंग पुढचं निवेदन कुनाला द्यायचं?"

"आम्हाला द्या," मी म्हणालो.

"तुमी बी आदी त्यांचंच ऐकलं ना, साहेब."

आवाजात राग नव्हता. यादी वाचायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी एका फोनपायी दिली नव्हती, आणि तेवढ्यानं या मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त झालं असतं. या प्रकरणानं मला शिकवलं ते हेच.

"हो," मी म्हणालो, "चुकलंच माझं."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत, त्या खुर्चीत बसून, मी हे शब्द पहिल्यांदाच कुणाला म्हणत होतो.