पाखऱ्याचा नमस्कार

मंडळी, आज नातवाच्या दोन मैत्रिणींना बाभुळगावकडचा शंकरपट दाखवायला नेलं. दोघी परदेशातल्या, बैलजोड्यांची शर्यत पहिल्यांदाच पाहत होत्या. घरी आलो, पण माझं मन अजून तिथंच आहे.

साठच्या दशकात, मी लहान असताना, आमच्या गावी असेच परदेशी पाहुणे कापसाची शेती पाहायला आले होते. सकाळी बाबांनी त्यांना आमचा पाखऱ्या बैल दाखवला. "पाया पड" म्हटलं की तो पुढचे गुडघे टेकायचा. पाहुण्यांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

दुपारी पटात बाबांची जोडी सुटली. शेवटच्या रेषेवर पाखऱ्या गुडघ्यांवर कोसळला. पाहुण्यांना वाटलं, आपल्यालाच नमस्कार करतोय. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बाबा त्याच्या कानाशी वाकून म्हणत होते, "ऊठ गा राजा, ऊठ." तो उठला नाही. डोळे तेवढे उघडे राहिले.

मी रडत म्हणाले, "बाबा, त्यायले चूप करा ना."

"राहू दे माय. त्यायले काय मालूम."

आणि बाबांनी पाहुण्यांकडे वळून हात जोडले.

आज एक बैल तसाच रेषेवर घसरला, पण लगेच उठला. माझ्या शेजारी बसलेली पाहुणी पोरगी टाळी वाजवणार, तेवढ्यात मी तिचा हात गच्च धरला. तिला वाटलं, आजीला माया आली. तिनं घरापर्यंत माझा हात सोडला नाही.

तुम्हीच सांगा, मी तो हात कायले धरला, तिले सांगू का?