पिकलेलं चीज

शेजारची सून परवा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता विचारून गेली, "काकू, मुंबईला चाललेय, तिकडं चांगलं चीज कुठं मिळतं हो? तुम्हाला माहीत असेल ना." मला माहीत आहे. धुळ्यात आमच्या गल्लीत हा प्रश्न माझ्याशिवाय कुणाला विचारणार, ही माझी आयुष्याची कमाई. मी तिला सगळं सांगितलं. मॉलच्या फ्रिजात प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलेलं घेऊ नकोस. मोठ्या गोल ढेपेतून समोर कापून देतात त्या दुकानात जा. आधी चाखायला माग, जो चाखू देत नाही त्याच्याकडं पाठ फिरव. किती महिन्यांचं आहे ते विचार, सांगता आलं नाही तर त्याला काही कळत नाही असं समज. तुम्ही माळकरी, तेव्हा दूध कशानं फाडलं तेही विचार, काहींमध्ये वासराच्या पोटातला रस घालतात. आणि बांधून घेताना कागदात घे. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला भलतंच कळतं की."

मला कळत नाही. कळत होतं आमच्या ह्यांना.

हे शिंदखेड्याकडचे. इथल्या एका डेअरीत प्रयोगशाळेत होते, आयुष्यभर दुधाचं फॅट मोजलं. नोकरी नवी होती तेव्हा साहेबांनी त्यांना चीज शिकायला गुजरातेत पाठवलं होतं. परत आल्यावर चीजचा विभाग काढायचा होता. तो कधी निघालाच नाही, यंत्राची खोकी गोदामात तशीच गंजली. सोबतचे लोक चहाच्या टपरीवर हसायचे, "भाऊ, तुमच्या शिक्षणाचं काही चीज झालं नाही." हेही हसायचे. घरी आल्यावर मात्र दोन दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि मी आपली विचारायची की भाजीला मीठ कमी पडलं का.

त्या गुजरातेत त्यांनी वर्षभर पिकवलेल्या चीजचा एक तुकडा खाल्ला होता. बोटाच्या पेराएवढा. त्याचं वर्णन मी लग्नापासून ऐकत आले. आधी खारट, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं, मग शेवटी थोडं गोड. मी म्हणायची, शेंगदाणे घरात आहेत, गूळही आहे, देऊ का करून? म्हणायचे, "गाढवाला गुळाची चव काय."

मग त्यांच्या घशाला कॅन्सर झाला. मुंबईच्या वाऱ्या सुरू झाल्या, दर तीन आठवड्यांनी. किरणांच्या शेकानं जिभेची चव गेली. भरीत असो की शेवभाजी, दोन घासांत ताट सरकवायचे आणि आपल्या बोलीत म्हणायचे, "माले बठ्ठं मातीगत लागस." एक दिवस म्हणाले, "ते चीज मिळालं असतं तर त्याची चव लागली असती. ती जिभेवर नाही, डोक्यात आहे." मी लगेच कोपऱ्यावरच्या दुकानातून डबीतलं आणलं. तोंडात घालून त्यांनी थुंकलं. "हाई रबर शे." मला राग आला. आजारी माणसावर काढायचा नसतो म्हणून पातेल्यांवर काढला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना हवं ते खाऊ द्या. ह्याचा अर्थ काय तो न कळायला मी काय कुकुलं बाळ नाही. गिळणं अजून महिनाभर चालेल, असंही म्हणाले. मी मुलीला त्यांच्याजवळ बसवलं आणि टॅक्सी केली. चीज घेताना काय काय विचारायचं ते ह्यांनी बोलता बोलता इतक्यांदा सांगितलेलं होतं की पाठ होतं. दोन मॉल पालथे घातले. तिसरं एक छोटं दुकान कुणीतरी सांगितलं. तिथं एक बाई होती, माझ्याच वयाची. तिनं न मागता चाखायला दिलं.

मी म्हटलं, "वर्षभर पिकलेलं हवं." ते नेमकं संपलेलं. येईल म्हणाली पुढच्या आठवड्यात. आमची गाडी संध्याकाळची. तिच्याकडं तसलंच एक लहान गोल होतं, पण दीड महिन्याचं, वासराच्या पोटातला रस न घातलेलं. म्हणाली, "हे अजून कोवळं आहे. थंड जागी तीन-चार आठवडे ठेवलंत तर बरंच पिकेल. फ्रिज नको, फार गार पडतो. तसं आजही खाता येईल, छान लागतं."

आजही खाता येईल. मी ऐकलं, नाही असं नाही.

पण माझं माहेर सावद्याकडचं, केळीवाल्यांचं. आमच्याकडं कच्चं केळं भाजीला, नाहीतर ट्रकात. पाहुण्याच्या हातावर कच्चं केळं ठेवणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखं. पिकायचं ते पिकवूनच द्यायचं, हे माझ्या हाडात आहे. आणि मनात आलं, ह्यांचं एवढं आयुष्य अर्धंकच्चं गेलं, एक गोष्ट तरी पुरी होऊ दे. कोवळं दिलं आणि तेही थुंकलं तर? पुन्हा आणायला वेळ कुठं होता.

मी दवाखान्यात परत गेले तेव्हा हे टक लावून दाराकडं बघत होते. मुलीनं त्यांना सांगून टाकलं होतं मी कशाला गेले ते. "मिळालं?" मी म्हटलं, "नाही मिळालं." चीज माझ्या पिशवीत टॉवेलाखाली होतं. ते म्हणाले, "नाहीच मिळत. कुठं मिळायचं." आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

धुळ्यात एप्रिलमध्ये थंड जागा म्हणजे फ्रिज, नाहीतर काही नाही. मी धाकट्या भावाला फोन केला. त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे, थंड खोली, तिच्यात क्रेट लावून गॅस सोडतात आणि हिरवी केळी चार दिवसांत पिवळी होतात. तो हसला. म्हणाला, "अक्का, पिकवायचंच ना? मग तू कशाला काळजी करतेस. पिढ्यान्‌पिढ्या तेच करतोय आपण." स्वतः गाडी घेऊन आला आणि केळीच्या पानात गुंडाळून घेऊन गेला. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. बऱ्याच महिन्यांनी मी पोटभर जेवले.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. केळ्याचा गॅस चीजला काय करणार? मी रोज फोन करायची आणि भाऊ रोज सांगायचा, पिकतंय, पिकतंय. इकडं ह्यांचं गिळणं महिना कसलं, पंधरा दिवसांतच बंद झालं. आधी पेज, मग पाणी, मग नाकातून नळी. आवाजही गेला. मुलीनं पाटी-पेन्सिल आणून दिली. कागदावर लिहायला ते तयार नव्हते, म्हणाले नव्हे, लिहिलं, की कागद मागं राहतात.

नळी घातली त्याच दिवशी मी भावाला म्हणायला हवं होतं, घेऊन ये. नाही म्हटलं. मला वाटलं, नळी निघेल. डॉक्टर काय, काहीही बोलतात. खोटी आशा धरायला माणसाला शिकवावं लागत नाही.

बाविसाव्या दिवशी भाऊ चीज घेऊन आला. वर पांढरी मऊ बुरशी आली होती आणि सगळ्याला केळ्याचा वास. मी बुरशी खरवडली, कापलं. आत पिवळसर, घट्ट. चाखलं. चांगलं होतं की वाईट, मला खरंच सांगता येणार नाही. सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो खाटेवर होता. मी ज्वारीच्या दाण्याएवढा कण त्यांच्या जिभेवर ठेवला आणि हातात कापसाचा बोळा धरून बसले, ठसका लागला तर पुसून घ्यायला. त्यांनी डोळे मिटले. घशाशी काहीतरी हललं, वर गेलं आणि तसंच थांबलं. लगेच मी तो कण पुसून घेतला.

"चव लागली?"

त्यांनी मान हलवली नाही. पाटी मागितली. लिहिलं, कधी आणलं?

खोटं बोलायचं बळ राहिलं नव्हतं. म्हटलं, "त्याच दिवशी. बावीस दिवस झाले. पिकायला ठेवलं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, तसं असतं तर मी भांडले असते. मग हळूहळू, अक्षर चांगलं काढत लिहिलं, तेव्हा मला गिळता येत होतं.

मी वाचलं असं बघून त्यांनी स्वतःच तळहातानं ते पुसून टाकलं. पुसलं म्हणून काय होतं.