तोंडी जागा

बार्शी सोडली त्या दिवशी माझे दीर एसटीच्या खिडकीशी उभे होते. "वहिनी, तुमची खोली तुमचीच. कुलूप लावून ठेवतो," म्हणाले. यजमानांना इकडे इंग्लंडात लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली होती. बस सुटल्यावर ते हळूच म्हणाले, "लिहून घ्यायला हवं होतं." मी त्यांनाच झापलं. आमच्यात मोठ्याच्या शब्दावर कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं.

यजमान वारल्यावर मी बार्शीला गेले, कायमची राहायला. खोलीत पुतण्याच्या दुकानाचा माल होता. दीर म्हणाले, "बाहेरच्या खोलीत झोपा, तिथं हवा चांगली येते." पंधरा दिवसांत मी लीड्सला परत फिरले. एवढी ठेच लागूनही मी शहाणी झाले नाही.

नातू अमेरिकेहून का परत आला, असं तुम्ही बार्शीच्या मैत्रिणी फोनवर विचारता. मी विषय बदलते. आता लिहितेच.

नील इथंच जन्मला. चेंडूला लाथ मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात, आणि दोन खांबांमधून तो लाथेनं उडवायला एक वेगळा माणूस ठेवतात. नीलला तो माणूस व्हायचं होतं. दोन कॉलेजांनी बोलावलं. छोट्यानं स्कॉलरशिप कागदावर दिली. मोठ्याचा कोच फोनवर म्हणाला, आत्ता वॉक-ऑन म्हणून ये. वॉक-ऑन म्हणजे सराव सगळ्यांबरोबर, कपडे सगळ्यांसारखे, फी मात्र घरची. तेव्हा टीमला स्कॉलरशिप पंच्याऐंशीच देता येत, वॉक-ऑन हवे तेवढे घेता येत. जागा मोकळी झाली की तुला, असा कोचचा शब्द.

माझा मुलगा, नीलचा बाप, म्हणाला, "नील, गेट इट इन रायटिंग." नील माझ्याकडे किचनमध्ये आला. "आजी, ईमेल केला तर कोच रागवेल?"

"रागवेलच. मोठा माणूस आहे. कागद मागू नये. जा मोठ्या ठिकाणी."

त्यानं माझं ऐकलं. बार्शीत पेढे वाटायलाही मीच सांगितलं, आठवतंय ना?

मँचेस्टर एअरपोर्टवर तो हसत होता. "आजी, टीव्हीवर बघ मला." बघितलं. दोन वर्षं तो मैदानाच्या कडेला हेल्मेट हातात धरून उभा होता.

मग नियम बदलला. स्कॉलरशिपवरची मर्यादा उठली. आम्हाला वाटलं, मिळालीच आता. पण तिच्या जागी टीममधल्या नावांनाच मर्यादा आली, एकशे पाच. शेवटची नावं कापली, त्यात नीलचंही. कोच म्हणाला, "नथिंग पर्सनल." पुढं नियम सैल झाला, कापलेल्यांना परत घ्यायची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नाही. फोन आला नाही. छोट्या कॉलेजातली जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती.

डिग्री अर्धी टाकून तो परत आला. आता पार्सलच्या वेअरहाऊसमध्ये खोकी उचलतो. खेळायचे बूट अजून पिशवीतच आहेत. मी त्याला सांगितलं, चूक माझी होती. "इट्स फाइन, आजी," म्हणाला. फाइन नाही. जेवताना तो ताटातून मान वर करत नाही.

परवा शिफ्टला निघताना दारात थांबला. "आजी, मी या छोट्या बॉक्सरूममध्ये किती दिवस राहिलो तर चालेल?"

स्वतःच्या घरात विचारत होता. मला बार्शीची बाहेरची खोली आठवली. तिथं मीही असंच विचारलं होतं.

घर कशाला म्हणायचं, हे मी आता माती, माणसं, आठवणी यांवर ठरवत नाही. यजमानांनी घेतलेलं हे घर माझ्या नावावर आहे. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं पत्र घेतलं, मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: ही खोली नीलची. त्याला हवी तोवर. कुणी काढू नये.

त्याला मराठी वाचता येत नाही. वाचून दाखवलं. त्यानं पेन माझ्यापुढं केलं.

"साइन इट, आजी," म्हणाला.

केली सही.