शौकतभाईंचं ‘चालू’

शौकतभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळ अल अमेरातच्या घरी भाजी चिरत होते. तशीच रडत बसले. चिपळूणचा हा माणूस मस्कतमध्ये माझा भाऊ होता, असं त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले होते. आज महिन्याभराने लिहायला बसले आहे ती मात्र रागाने...

मस्कतच्या गाला भागात त्यांचं जनरेटरचं दुकान. मी तिथे पत्रव्यवहार बघते. जुने जनरेटर दुरुस्त करून ते येमेनला पाठवत. तिकडे लढाईत विजेच्या तारा तुटल्या त्या तुटल्याच. आमचा मेकॅनिक सालेम तिथलाच. त्याच्या आईच्या गावात जनरेटरवाला संध्याकाळी देईल तेवढीच वीज. तह झाला, तारा जोडल्या, की सालेम घरी जाणार होता. मस्कतला तहाची बोलणी सुरू झाली की तो मालकांना, त्याच्या ‘अर्बाब’ना, विचारायचा, “अर्बाब, चालू?” ‘चालू’ हा एवढा एकच मराठी शब्द त्याला येतो.

“चालू हाय! ह्या वक्ताला जमलाच म्हणून समज, इन्शाल्ला,” शौकतभाई आपल्या खुर्चीतून म्हणायचे. बोलणी फिसकटली की सालेमच्या खांद्यावर हात ठेवून बसायचे, त्या दिवशी जेवायचे नाहीत. बोलणी करायला आलेल्यांना घरी बोलावून बिर्याणी खिलवायचे. मीही हौसेने सोलकढी करून न्यायचे. शांततेला आपलाही हातभार, केवढा तोरा होता मला!

त्या पाहुण्यांतलाच एकजण मयतानंतर भेटायला आला. येमेनमधल्या त्याच्या शहरातले बहुतेक जनरेटर त्याचेच. डोळे पुसत हिंदीत म्हणाला, “बड़े अक़्लमंद थे. हम तो बिजली की लाइन जोड़ने पर राज़ी हो गए थे. उन्होंने ही समझाया, यह बात सबसे आख़िर में रखो. बातचीत चलती रहे, आपका भी काम चले, मेरा भी.”

मी त्याला कहवा ओतत होते. ओतत राहिले.

मग ते उपाशी राहणं काय होतं? नाटक? की तेही खरं आणि हेही खरं? फसवलंत, शौकतभाई. आणि जाब विचारायला समोर राहिला नाहीत, याचा संताप जास्त आहे.

परवा पुन्हा बोलण्यांची बातमी आली. सालेम शौकतभाईंची खुर्ची पुसत होता. “दीदी, चालू?”

“चालू होते,” मी त्या खुर्चीकडे बघत म्हटलं.

त्याला पहिला शब्द तेवढा कळला. तो हसला, “इन्शाल्ला” म्हणाला. मला ते हसू बघवेना. मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बैठो, सालेम. पूरा बताती हूँ.”

तो उभाच राहिला. अर्बाबच्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता.