पेंढारकरांची पितळी पाटी

पेंढारकरांच्या तोंडी माणसाच्या नावाला पदवी चिकटलेलीच असायची. "हे कुलकर्णी. एम.टेक., पण प्रायव्हेट कॉलेजचे," असं ते कुलकर्ण्यांच्या तोंडावर सांगत. आयर्लंडमधल्या आमच्या ॲडम्सटाउनमध्ये दारावर कुणी नाव लावत नाही. यांनी पितळी पाटी ठोकली होती, आणि तिच्यावर नावापेक्षा पदव्यांनीच जास्त जागा अडवली होती. मी त्यांचा शेजारी. माझी एम.डी. खरी असल्याची खात्री त्यांनी पहिल्याच चहाला करून घेतली.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, मुक्ताने, लग्न ठरवलं ते मिक्कोशी. मिक्को फिनलंडचा, मलिंगारच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत काम करणारा, अबोल आणि कमालीचा सरळ. तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मीही होतो. पेंढारकरांनी वरण वाढायच्या आधी विचारलं, "सो, यू आर डॉक्टर?"

तसा अजून नाही, मिक्को म्हणाला, लिसेन्सिआट्टी आहे.

"लिसेन्शिएट!" पेंढारकर मराठीत माझ्यावर उखडले. "आमच्या तालुक्याला होता एक तसला अर्धा डॉक्टर, एल.सी.पी.एस. सगळ्या रोगांवर एकच लाल औषध! पोरीने कंपाउंडर पकडून आणलाय!"

मुक्ताला मराठी सगळं कळतं. "ही कॅन रीड युअर फेस, बाबा," एवढंच ती म्हणाली.

मी तिथल्या तिथे समजावलं, "अहो, त्यांच्याकडे आपल्या एमबीबीएसच्या जागी हीच पदवी. 'तोहतोरी', म्हणजे डॉक्टर, पुढे संशोधन केल्यावर. त्या तोहतोरीला पदवीदानात उंच टोपी आणि तलवार मिळते. पेशंटला तलवार काय करायचीय?"

"तो स्वतः म्हणतोय डॉक्टर नाही, आणि तुम्ही त्याची वकिली करताय!"

लग्न कॉर्कला, नोंदणी पद्धतीने झालं. अर्धवट शिकलेल्याच्या लग्नाला जाणार नाही म्हणून हे घरी बसले. मुक्ता सह्या होईपर्यंत दाराकडे बघत होती. इतका संताप मला आयुष्यात फार थोड्या माणसांचा आला असेल.

पुढे हेलसिंकीतल्या कुणा भाचेसुनेने त्यांना मी सांगितलं होतं तेच सांगितलं. ती पीएच.डी., त्यामुळे लगेच पटलं. धावत माझ्याकडे आले. "अहो, जावई चक्क डॉक्टर निघाला!" जणू शोध यांनीच लावला होता. माझ्या स्वयंपाकघरातूनच त्यांनी मुक्ताला फोन लावला, स्पीकरवर. "बेटा, गैरसमज झाला गं. दिवाळीला दोघं या. झकास रिसेप्शन देतो."

पलीकडून तिचा खास आयरिश सूर आला, "अँड इफ ही वॉज अ बस ड्रायव्हर, बाबा?"

नुसतं "तरी या" म्हणायचं होतं. हा माणूस खरोखरच विचार करू लागला. मी खुणा केल्या, हात जोडले. तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.