परीक्षण छापून येईपर्यंत

सिनेमा चांगला आहे की नाही, हे ठरवायला तुम्ही कोणाची वाट बघता? यंदा मे महिन्यात रत्नागिरीत एक छोटा मराठी सिनेमा लागला, तोही फक्त भर दुपारच्या खेळाला. मी पहिल्याच दिवशी पाहिला आणि आमच्या साप्ताहिकासाठी तळमळून परीक्षण लिहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझं छापून येऊ दे गो बाय, मग जाऊ." आळीतले सगळे तेच म्हणाले. अंक निघाला त्या सकाळी थिएटरवर मोठ्या हिंदी सिनेमाचं पोस्टर चढलं होतं. "रिकाम्या खुर्च्यांना किती दिवस दाखवू?" मॅनेजर माझ्यावरच डाफरला. काकूंनी परीक्षण वाचलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंस, पण आता बघायचा कुठे?" असा सिनेमा पुन्हा लागला, तर आमच्या मतासाठी थांबू नका. पहिल्याच दिवशी तिकीट काढा.